अन्नपूर्णा बेस कॅम्पचा छोटा ट्रेक: गाईड उत्तम, वेळापत्रक घाईचे

नेपाळमधल्या पोखऱ्याहून निघून सहा दिवसांत अन्नपूर्णा बेस कॅम्पला नेऊन परत आणणारे कार्यक्रम आता अनेक संस्था विकतात. त्यांपैकी एका संस्थेबरोबर दिवाळीनंतरच्या हंगामात केलेल्या ट्रेकचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवांबद्दल लिहायचे आहे त्या तिच्या एकटीच्या नाहीत. पोखऱ्यातल्या तलावाकाठच्या रस्त्यावर इतर कार्यालयांबाहेर लावलेली वेळापत्रके वाचली, तर तीही जवळपास शब्दशः तशीच होती. निकाल आधीच सांगून टाकतो: वाट अप्रतिम आहे, गाईड उत्तम मिळाले, जेवणखाण अपेक्षेपेक्षा बरे निघाले, आणि छापील वेळापत्रक मात्र ज्याने आखले त्याने उंचीचा विचार शेवटी केला असावा असे वाटण्याजोगे होते.

हा ट्रेक एवढा छोटा झाला आहे तो जीपच्या रस्त्यामुळे. पूर्वी नयापूल किंवा फेदीपासून पायी निघावे लागे आणि घांद्रुक किंवा घोडेपाणीमार्गे छोमरोंगला पोहोचेपर्यंत दोन-तीन दिवस मध्यम उंचीवर चालण्यात जात. आता जीप बिरेठाँटीच्या तपासणीनाक्यावर परवाने दाखवून मोदी खोला या नदीच्या काठाने वर चढते आणि झिनूच्या झुलत्या पुलाच्या अलीकडे आणून सोडते. जवळपास तीनशे मीटर लांबीचा हा पूल ओलांडला की झिनू, आणि तिथून छोमरोंगची खडी चढण. रस्त्याचा शेवटचा भाग इतका खडबडीत आहे की पाठदुखी असलेल्यांनी पुढच्या आसनाचा आग्रह धरावा. पण खरी अडचण जीपच्या धक्क्यांची नाही. घोडेपाणीच्या जुन्या वाटेवर पुन हिलची ३,२१० मीटर उंची एकदा गाठून लोक पुन्हा खाली उतरत, त्यामुळे बेस कॅम्पच्या आधी शरीराला विरळ हवेची एक ओळख होऊन जाई. ती ओळख आता वगळली गेली आहे, आणि जाहिरातीत हे वगळणे ‘वेळेची बचत’ म्हणून येते.

सह्याद्रीत चालणाऱ्यांसाठी हे आकड्यांत मांडणे उपयोगाचे ठरेल. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. झिनू १,७८० मीटरवर आहे, म्हणजे जिथे ट्रेकचा पहिला चहा होतो ती जागाच महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा उंच आहे. त्यापुढे छोमरोंग २,१७० मीटर, दोभान सुमारे २,५०० मीटर, देउराली सुमारे ३,२०० मीटर, माछापुच्छ्रे बेस कॅम्प ३,७०० मीटर आणि अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटर. छापील कार्यक्रमात पहिली रात्र छोमरोंगला, दुसरी दोभानला, तिसरी देउरालीला आणि चौथी थेट अन्नपूर्णा बेस कॅम्पला होती. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहण वैद्यकातला सर्वमान्य संकेत आहे. इथे एका दिवसात नऊशेहून अधिक मीटर वाढवले होते. बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो. दिवसा तिथे जाऊन येणे आणि रात्री तिथे झोपणे यांत मोठा फरक आहे, कारण झोपेत श्वास मंदावतो, रक्तातला प्राणवायू आणखी उतरतो आणि सकाळी डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे उघडी पडतात.

यात तब्येतीने धडधाकट माणूस सुरक्षित आणि अशक्त माणूस धोक्यात, असे काही नसते. उलट आमच्या गटात सर्वांत वेगाने चालणारे दोघे तरुण, ज्यांना रात्रभर चालून पहाटे गड गाठायची आणि दुपारी घरी परतायची सवय होती, तेच देउरालीला पोहोचेपर्यंत गप्प गप्प झाले होते. आपल्याकडच्या डोंगरांत वेगाचा तोटा होत नाही, त्यामुळे वेग म्हणजेच क्षमता असे समीकरण मनात घट्ट बसलेले असते. पन्नाशी ओलांडलेल्या एक ताई, ज्यांच्याबद्दल सगळ्यांनाच काळजी होती, त्या गाईडच्या मागे पावलावर पाऊल ठेवून संथपणे चालत राहिल्या आणि पूर्ण ट्रेकभर त्यांचे डोके एकदाही दुखले नाही.

आता गाईडविषयी, कारण या सेवेतला खरा मोबदला त्यांच्याच वाट्याला जायला हवा. ते मूळचे लमजुंगचे गुरुंग, परवानाधारक, आणि हिंदी इतके सहज बोलणारे की दुसऱ्या दिवसापासून गटातले सगळे त्यांना ‘दाई’ (थोरला भाऊ) म्हणू लागले. छोमरोंगच्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी प्रत्येकाला बाजूला घेऊन औषधे, जुने आजार, झोप यांची चौकशी केली. ती सर्वांसमोर केली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण चारचौघांत कोणीही रक्तदाबाची गोळी कबूल करत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर त्यांच्याजवळ होता, परंतु त्यावरच्या आकड्यापेक्षा कोण किती जेवले याकडे त्यांचे लक्ष अधिक असे. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही, हा निर्णय घरूनच डॉक्टरांशी बोलून करून यायला हवा होता, मी आयत्या वेळी सल्ला देणार नाही, असे त्यांनी एकाला स्पष्ट सांगितले. हे उत्तर मला फार आवडले.

देउरालीला त्यांनी जेवणानंतर वेळापत्रक बदलले. चौथी रात्र अन्नपूर्णा बेस कॅम्पऐवजी माछापुच्छ्रे बेस कॅम्पवर काढायची, पाचव्या दिवशी पहाटे अंधारात निघून सूर्योदयाला वर पोहोचायचे, आणि त्याच दिवशी थेट दोभानपर्यंत उतरायचे. एकूण दिवस तेवढेच राहतात, खर्च वाढत नाही, झोपण्याच्या जागेची उंची मात्र नऊशेऐवजी अदमासे पाचशे मीटरच वाढते. गटातल्या काहींची नाराजी झाली, कारण जाहिरातीत ‘बेस कॅम्पवर एक रात्र’ हेच ठळक अक्षरांत छापलेले होते. गाईडने वाद घातला नाही. ज्या दोघांची बोलती बंद झाली होती त्यांच्याकडे पाहून ते एवढेच म्हणाले, की वर रात्री कोणाला उतरवायची वेळ आली, तर काळोखात बर्फावरून उतरवणारे हात माझे असतील. बदल योग्य होता. माझी तक्रार एवढीच, की जो बदल अनुभवी गाईडला दर वेळी समजावून करावा लागतो, तो कार्यालयाने आधीच छापील कार्यक्रमात करून का ठेवू नये? एखाद्या नवख्या गाईडला ग्राहकांच्या आग्रहापुढे ठाम राहणे जमेलच असे नाही.

दुसरी गोष्ट हिमस्खलनाची. हिंकू गुहेपासून देउरालीच्या पुढेपर्यंतचा भाग अरुंद दरीतून जातो आणि वरच्या बाजूला हिउंचुली शिखराचे उतार वाटेवरून दिसतही नाहीत, पण तिथला साचलेला बर्फ सुटला की थेट वाटेवर येतो. १७ जानेवारी २०२० रोजी याच पट्ट्यात झालेल्या हिमस्खलनात चार दक्षिण कोरियन ट्रेकर आणि तीन नेपाळी सहकारी सापडले होते. आम्ही गेलो तेव्हा हवा कोरडी होती, धोका कमी होता, तरीही गाईडने हा टप्पा सकाळी लवकर, फोटोसाठी न थांबता पार करायला लावला. बर्फ जास्त असेल तेव्हा नदीच्या पलीकडच्या काठाने जाणारी पर्यायी वाट वापरतात, तीही त्यांनी दाखवली. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी हा प्रश्न संस्थेला आवर्जून विचारावा.

गाईड बरोबर असावा की नसावा, हा वाद आता बराचसा कागदावर मिटला आहे. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकरांना परवानाधारक गाईड सक्तीचा केला आहे, आणि त्यात भारतीयही आले. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा प्रवेश परवाना सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपयांना मिळतो, इतरांना ३,००० ला. ट्रेकर नोंदणीचे टिम्स कार्डही आपल्याला १,००० आणि इतरांना २,००० नेपाळी रुपयांना पडते. भारतीय रुपयाचा दर १.६ नेपाळी रुपये असा ठरलेला असल्याने हिशेब सोपा आहे: दोन्ही मिळून १,२५० भारतीय रुपये. काही संस्था ‘परवान्यांसह’ म्हणून जी रक्कम किमतीत धरतात ती परदेशी दराने धरलेली असते, तेव्हा पैसे भरण्याआधी हे विचारून घ्यावे. आमच्या संस्थेने सार्क दर लावला होता, परंतु तो विचारल्यानंतर. भारतीयांना व्हिसा लागत नाही. मात्र विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ हवे, १५ ते ६५ वयाच्या व्यक्तीचे आधार कार्ड त्यासाठी चालत नाही.

किमतीत जीप, परवाने, गाईड, दोघांत एक पोर्टर, लॉजमधली खोली आणि तीन वेळचे जेवण इतके धरलेले होते. गरम पाण्याची अंघोळ, मोबाईल चार्ज करणे, वाय-फाय, उकळलेले पाणी आणि बक्षिसी हे सगळे वेगळे. जसजसे वर जावे तसतसा प्रत्येकाचा दर वाढतो, आणि ते योग्यच आहे, कारण गॅसचे सिलिंडरही कोणाच्या तरी पाठीवरून वर येतात. छोमरोंगच्या पुढे स्वयंपाकासाठी लाकूड जाळायला बंदी आहे आणि बाटलीबंद पाणीही विकले जात नाही. आपली बाटली भरून घ्यायची, हवे तर शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकायच्या. नेपाळी रोख रक्कम पोखऱ्यातच पुरेशी काढून ठेवावी.

लॉजची व्यवस्था साधी आणि नीटनेटकी होती. प्लायवूडच्या भिंती, दोन किंवा तीन खाटा, जाड रजई. शेजारच्या खोलीतला खोकला आपल्याच खोलीत असल्यासारखा ऐकू येतो. दोभानच्या वर लॉजची संख्याच मर्यादित आहे, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिनागाईडचे लोक जेवणघरातल्या बाकांवर झोपलेले दिसतात. आमचे गाईड रोज दुपारी पुढच्या मुक्कामी फोन करत आणि खोल्या मिळत गेल्या, तरी माछापुच्छ्रे बेस कॅम्पवर पाच जणांना एका खोलीत दाटीने राहावे लागले. भाड्याने दिलेल्या स्लीपिंग बॅगा मात्र सपशेल निराशाजनक होत्या: कुबट वास, एकीची चेन तुटलेली, आणि ज्या तापमानासाठी त्या असल्याचे सांगितले होते त्यावर माझा विश्वास बसत नाही. स्वतःची बॅग नेणे शक्य असेल तर न्यावी, नाहीतर पोखऱ्यातच उलगडून, हुंगून पाहूनच ताब्यात घ्यावी.

जेवणात दालभात हा उत्तम आणि शहाणपणाचा पर्याय आहे. डाळ, भात, भाजी, लोणचे, पापड, आणि भात, डाळ, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात. पिझ्झा, पास्ता, स्प्रिंग रोल असे सगळे यादीत असते, पण ते मागवणाऱ्यांना तासभर वाट पाहावी लागते आणि मिळते ते बेताचेच. वरच्या खोऱ्यात मांस नेल्यास देवतेचा कोप होतो अशी स्थानिक श्रद्धा आहे, त्यामुळे तिथे जेवण शाकाहारीच समजून चालावे. शाकाहारी मराठी माणसाची या ट्रेकवर कुठेही अडचण होत नाही. लसणाचे गरम सूप उंचीच्या त्रासावर उपाय म्हणून प्रत्येक लॉजमध्ये सुचवतात. त्याने विरळ हवेचे काही होत नसावे, पण थंडीत घशाला बरे वाटते आणि पोटात पाणी जाते, एवढा फायदा पुरेसा आहे.

पोर्टरांबाबत संस्थेला कमी गुण देतो. नोंदणीच्या वेळी प्रत्येकी दहा किलोची मर्यादा सांगितली होती, पण निघताना वजन करायला काटाच आणला नाही, आणि कोणी चौदा-पंधरा किलो भरून दिलेले सामान तसेच बांधले गेले. पहिल्या चढणीवर कपाळाला नाम्लोचा पट्टा लावून चालणाऱ्या एका मुलाच्या पाठीवरचा भार पाहून गाईडनेच थांबवले, सामान उघडले आणि जादाच्या वस्तू ज्याच्या त्याच्या सॅकमध्ये परत दिल्या. कोणाच्या तरी तीन जोडी जीन्स त्यातून निघाल्या, याबद्दल अधिक लिहीत नाही. पोर्टरांचे बूट आणि गरम कपडे कोण देते, त्यांचा विमा आहे का, हे प्रश्न कार्यालयात विचारले तेव्हा उत्तर गोलमाल मिळाले होते.

छोमरोंगविषयी एक इशारा. गावातून समोर सिनुवा दिसते, अगदी हाताशी. पण मध्ये छोमरोंग खोलापर्यंत दगडी पायऱ्यांनी खाली उतरून पलीकडे तेवढेच चढावे लागते. जाताना हे सकाळच्या उत्साहात होऊन जाते, परतताना शेवटच्या दिवशी त्याच पायऱ्या गुडघ्यांवर येतात. कार्यक्रमात हा शेवटचा दिवस ‘सोपी उतराई’ म्हणून नोंदवलेला आहे, जे खरे नाही. चालायच्या काठ्या दोन न्याव्यात. सिनुवाच्या पुढे ओक, बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि बांबूचे ओले जंगल, त्यात वानरे, आणि सतत डाव्या-उजव्या कड्यांवरून पडणारे झरे, हा भाग छायाचित्रांत फारसा येत नाही, पण चालण्याच्या आनंदाच्या दृष्टीने मला तोच सर्वांत समृद्ध वाटला.

बेस कॅम्पबद्दल जाहिरातीत जे छापतात त्यात अतिशयोक्ती नाही. चहूबाजूंनी शिखरांनी वेढलेले हे खोरे आहे, आणि आत यायला मोदी खोलाची अरुंद फट हीच एक वाट. पश्चिमेकडून फिरत पाहिले तर हिउंचुली, ७,२१९ मीटरचे अन्नपूर्णा साउथ, मग ८,०९१ मीटरच्या मुख्य अन्नपूर्णेची प्रचंड दक्षिण भिंत, पुढे गंगापूर्णा, आणि पूर्वेला ६,९९३ मीटरचे माछापुच्छ्रे. सूर्य माछापुच्छ्रेच्या मागून उगवत असल्याने पहिले ऊन समोरच्या माथ्यांवर पडते आणि आपण उभे असतो ती जागा बराच वेळ सावलीतच गोठत राहते; ही माहिती असेल तर एक हातमोजा जास्त घेतला जातो. माछापुच्छ्रेवर १९५७ मध्ये जिमी रॉबर्ट्स यांच्या नेतृत्वाखाली आलेली ब्रिटिश मोहीम माथ्याच्या अगदी जवळून परतली आणि नंतर नेपाळने त्या शिखरावरील चढाई बंद केली. हेच रॉबर्ट्स पुढे १९६४ मध्ये नेपाळमधली पहिली ट्रेकिंग संस्था सुरू करणारे, म्हणजे आज आपण विकत घेतो त्या सेवेचे मूळ त्यांच्यापर्यंत जाते.

गटातल्या अनेकांचा समज होता, की मोहिमा इथूनच अन्नपूर्णेवर चढतात. गाईडने तो नीट दुरुस्त केला. ३ जून १९५० रोजी मॉरिस एर्झोग आणि लुई लाशनाल यांनी हे शिखर गाठले, आठ हजार मीटरवरचे मानवाने चढलेले ते पहिले शिखर; पण ती चढाई उत्तरेकडून होती. आजच्या मोहिमाही बहुतेक उत्तरेकडूनच जातात, आणि १६ एप्रिल २०२१ रोजी साताऱ्याच्या प्रियंका मोहिते अन्नपूर्णेवर पोहोचणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. आपण ज्या बाजूला उभे असतो ती भिंत १९७० मध्ये ख्रिस बॉनिंग्टन यांच्या मोहिमेतील डॉन व्हिलन्स आणि डूगल हॅस्टन यांनी पहिल्यांदा चढली. लॉजच्या मागे प्रार्थनापताकांजवळ गिर्यारोहक अनातोली बुक्रीव यांचे स्मारक आहे. १९९७ च्या नाताळात ते याच डोंगरावर हिमस्खलनात गेले. त्याच्या पलीकडे हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीचा उंच बांध आहे आणि त्याची कड सतत ढासळते. गाईडने तिथे कोणालाही कडेपर्यंत जाऊ दिले नाही, सेल्फीसाठी तर नाहीच.

उतरताना दोभानचा मुक्काम, मग झिनू. झिनूच्या गरम पाण्याच्या कुंडांपर्यंत जायला वीस-पंचवीस मिनिटे खाली उतरावे लागते आणि तेवढेच परत चढावे लागते. जीप ठरलेल्या वेळी उभी असल्याने आमच्यातल्या निम्म्या लोकांना तिथे जाताच आले नाही. कार्यक्रमात कुंडांचे छायाचित्र मात्र पहिल्याच पानावर आहे.

ज्यांना सलग सहा-सात तास पायऱ्या चढण्या-उतरण्याची सवय आहे आणि ज्यांच्याकडे एखादा दिवस राखीव आहे, त्यांनी हा ट्रेक गाईडसह जरूर करावा. ज्यांची परतीची रेल्वे किंवा विमान सातव्या दिवशी सकाळीच आहे, त्यांनी हा कार्यक्रम घेऊ नये; हवा बिघडली किंवा कोणाला एक मुक्काम खाली थांबावे लागले, तर गाईडवर चुकीच्या निर्णयासाठी दबाव येतो तो अशा तिकिटांमुळेच. संस्था निवडताना चौथी रात्र कोणत्या उंचीवर आहे, गाईडचे परवानापत्र दाखवाल का, आणि कोणी आजारी पडल्यास त्याच्याबरोबर खाली कोण उतरेल, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. विमा घेताना हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च त्यात आहे का आणि किती मीटर उंचीपर्यंत आहे, हे वाचून घ्यावे. बऱ्याच प्रवास विम्यांत ही मर्यादा ४,१३० मीटरच्या खालीच संपते.